जरा बाहेर या

ओतूरला मांडवीच्या काठावर आम्ही तासभर ताटकळत उभे होतो. आत्याचा दहावा होता. प्रवचन झालं, चार जणांची श्रद्धांजलीची भाषणं झाली, पिंड मांडून झाला, आणि कावळा समोरच्या झाडावर बसून राहिला. खाली येईना. मग थोरला आत्येभाऊ हात जोडून पुढे झाला. "आई, धाकटीचं लग्न करून देतो, काळजी करू नको." कावळा हलला नाही. दुसरा म्हणाला, "मळ्यातली जमीन विकणार नाही." नाही. सून म्हणाली, "तुमची कार्तिकीची वारी आम्ही चालवू." तरी नाही. बायकांत कुजबुज सुरू झाली. बहिणीशी अबोला होता, त्याचं असेल का? गहाण पडलेल्या डोरल्याचं असेल का? जो तो आठवून आठवून बोलत होता. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, आणि लोक पांगले.

त्या एका तासात आम्ही तिला जेवढं विचारलं, तेवढं आधीच्या सात महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं.

ते सात महिने एका वाक्याने सुरू झाले होते. पुण्यातल्या एका रुग्णालयात डॉक्टरांनी रिपोर्ट चाळले, आत्याकडे बघून हसले, आणि आत्येभावाला म्हणाले, "जरा बाहेर या." मीही गेलो. दाराला काचेची एक छोटी चौकट होती. तिच्यातून आत्या दिसत होती: मांडीवर फाइलची प्लॅस्टिकची पिशवी, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, नजर आमच्याकडे. बाहेर तीन वाक्यं झाली. पसरलेला आहे. ऑपरेशनचा उपयोग नाही. घरी न्या, सेवा करा. आम्ही आत आलो, आणि भाऊ म्हणाला, "पित्ताचं आहे आई. गोळ्या दिल्यात." आत्या "बरं" म्हणाली आणि पिशवीची गाठ मारू लागली. नारायणगावपर्यंत एसटीत कोणी बोललं नाही.

"जरा बाहेर या" हे वाक्य आलं कुठून, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: आपली संस्कृतीच तशी आहे, आपल्याकडे मरणाचं तोंडावर बोलत नाहीत. मीही बरेच दिवस हेच धरून चाललो होतो. पण मागे मागे जात राहिलो तसा माझा यावरचा विश्वास उडत गेला.

पहिली पायरी अर्थातच वैद्याची. चरकसंहितेत इंद्रियस्थान नावाचा अख्खा विभाग मरणाची चिन्हं ओळखण्यासाठी आहे. त्याचे अध्याय 12. रोग्याचा वर्ण, आवाज, सावली, स्वप्नं, बोलवायला आलेल्या माणसाची चर्या, सगळं त्यात येतं. त्यातला एक अध्याय मुख्यतः वासाचा आहे. फळाच्या आधी फूल यावं तसं मरणाच्या आधी अरिष्ट येतं, असं तो सांगतो, आणि ज्याच्या अंगाला अकारण फुलांसारखा वास येऊ लागतो त्याला 'पुष्पित' म्हणतो. इतक्या बारकाईने बघणाऱ्या वैद्याला सांगायचा नियम मात्र कडक आहे: कोणी विचारल्याशिवाय मरण जवळ आल्याचं बोलू नये, आणि विचारलं तरी जिथे त्या बोलण्याने रोग्याला किंवा दुसऱ्या कोणाला घात होईल तिथे बोलू नये.

आपली संस्कृती म्हणणाऱ्यांचा आधार हाच. पण नियम सावकाश वाचला की दोन गोष्टी दिसतात. एक, त्यात 'विचारल्याशिवाय' आहे. म्हणजे रोगी विचारील हे गृहीत आहे, आणि घात होणार नसेल तर उत्तराला बंदी नाही. दुसरी, रोग्याला वगळून नातेवाइकाला बाजूला घ्या, असं त्यात नाही. 'दुसऱ्या कोणाला घात' असं म्हणताना चरकाने नातेवाइकालाही जपलं आहे. गुपित रोग्यापासून लपवून मुलाच्या खांद्यावर टाकायची सोय त्या नियमात मला सापडली नाही. शिवाय त्याच परंपरेत साध्य आणि असाध्य यांच्यामध्ये 'याप्य' नावाची तिसरी जागा आहे: बरा होणार नाही, पण सांभाळून नेता येईल असा आजार. इतका नेमका शब्द आज ओपीडीत कोणाच्या तोंडी नाही, याची मला खंत वाटते. आत्याला 'याप्य' कोणी समजावलं असतं तर ती समजली असती. चाळीस वर्षं दम्याच्या सासूला तिने तसंच तर सांभाळून नेलं होतं.

वैद्यानंतर मी आमच्याच मुलखाकडे वळलो. जुन्नरच्या भोवती डोंगरांत दोनशेहून अधिक खोदकामं आहेत. तुळजा, मानमोडी, शिवनेरी, लेण्याद्री. सातवाहनांच्या काळात नाणेघाटातून माल चढायचा, तो याच गावात उतरायचा. इथल्या लेण्यांवरचे शिलालेख बघा: देणगीदारांत धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, कासारांची आहे, बांबूकाम करणाऱ्यांची आहे, यवनही आहेत. सगळे घरदार असलेले लोक. भिक्षूंना निवारा आणि पाण्याची टाकी करून देणारे. अशाच एका संसारी दात्याची गोष्ट पाली त्रिपिटकात आहे. सावत्थीचा अनाथपिंडिक, बुद्धाला जेतवन देणारा श्रेष्ठी, मरणपंथाला लागतो. सारिपुत्त आणि आनंद त्याला भेटायला जातात. सारिपुत्त पहिला प्रश्न करतो तो वेदनेबद्दल: उतरते आहे की वाढते आहे? तो सरळ सांगतो, वाढते आहे. मग सारिपुत्त त्याला खोटी उमेद न देता, धरून ठेवलेलं एकेक कसं सोडायचं ते सांगत जातो. ऐकून अनाथपिंडिक रडतो. धीर सुटला का, असं आनंद विचारतो, तेव्हा तो म्हणतो की नाही. इतकी वर्षं तुमची सेवा केली, पण असं बोलणं माझ्या कानावर कधी पडलं नव्हतं. त्याला उत्तर मिळतं की पांढऱ्या वस्त्रातल्या संसारी लोकांना हे सांगत नाहीत. तो विनवतो, त्यांनाही सांगत जा, समजणारे आहेत.

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना मला दरवेळी ही तक्रार आठवते. दाराच्या काचेतून बघणारी माझी आत्या त्याच पांढऱ्या वस्त्रातल्या लोकांपैकी होती.

लेण्याद्रीचा गिरिजात्मज बसलाय तोच मुळी बौद्ध लेण्यात. या भूमीत एक धागा तुटून दुसरा सुरू होत नाही, एकावर दुसरा चढतो. वारकऱ्यांचंही तसंच. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद बोलवले असं सांगतात त्या रेड्याची समाधी आमच्या तालुक्यात, आळ्याला. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी ओतूरला, त्याच मांडवीच्या काठी. शके 1218 मध्ये, म्हणजे 1296 साली, ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. दिवस ठरलेला, माणसं बोलावलेली, भावंडं समोर. त्या निरोपाचं वर्णन नामदेवांच्या अभंगांत आहे आणि आजही कार्तिकात आळंदीला कीर्तनकार ते गातात तेव्हा मांडव रडतो. ज्याचं मरण आहे त्याच्यापासून ते लपवलेलं नाही, आणि रडणारेही आपलं रडू लपवत नाहीत. संत बहिणाबाईंनी तर आपला काळ जवळ आल्याचं मुलाला स्वतः कळवलं आणि उरलेल्या वेळात मागल्या जन्मांपासूनचा हिशेब त्याच्यापुढे मांडला. ही संतांची गोष्ट झाली, सामान्यांना ते कसं जमावं, असं कोणी म्हणेल. पण आमच्याकडे घराघरात माळकरी म्हातारी 'आता माझे दिवस भरले' म्हणून स्वतःच सांगते, लुगडं काढून ठेवते, गंगेची कुपी कुठे आहे ते सुनेला दाखवते. 'खाली घ्या' म्हटलं की सारवलेल्या जमिनीवर घेतात, तोंडात तुळशीपत्र ठेवतात. मरण घरातलं होतं आणि त्याला घरातले शब्द होते.

संत सोडून राजकारणी माणूस घ्या. माधवराव पेशव्यांना क्षय झाला. वय 27. आपण वाचत नाही हे त्यांना पुरतं कळलं होतं. 1772 च्या पावसाळ्याअखेर त्यांनी नऊ कलमांची यादी करवली. त्यात राज्याचं आहे, घरातलं आहे, पण सगळ्यांत आधी माझी नजर कलमांमधल्या कर्जावर जाते: आपल्या डोक्यावरचं देणं फिटलं पाहिजे. धाकट्या नारायणरावाचा हात त्यांनी चुलत्याच्या हाती दिला आणि थेऊरच्या चिंतामणीच्या देवळात, 18 नोव्हेंबरला, देह ठेवला. पुढच्याच वर्षी शनिवारवाड्यात त्या नारायणरावाचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मरणाऱ्याची इच्छा पुरी झालीच असं नाही. पण त्यांना ती बोलता आली, कारण पलंगाभोवतीच्या कोणी पित्ताचं कारण सांगितलं नव्हतं.

मला इथे थोडं थांबायचं आहे. अध्यात्म म्हटलं की आपण टाळ-मृदंगाकडे बघतो, आजारी माणसाच्या उशाला पोथी ठेवतो, मोबाइलवर हरिपाठ लावून देतो. तेही हवं. पण जुन्नर-आंबेगावच्या माणसाचा जीव कशात अडकतो, हे मी भाऊबंदांच्या घरांत बसून पाहिलं आहे. बांधात. सामाईक विहिरीतल्या पाळीत. सातबाऱ्यावर नाव न लागलेल्या बहिणीत. दहा वर्षांपूर्वी सोयरिकीवरून तुटलेल्या बोलण्यात. हातउसने घेतलेल्या आणि कोणालाच न सांगितलेल्या पैशांत. डिंभे धरणात गाव गेलेल्या माणसाचा जीव पाण्याखालच्या उंबऱ्यात. हे देणं-घेणं मिटलं की मग हरिपाठ कानात शिरतो. माधवरावांनी कर्जाचं कलम घातलं ते मला म्हणूनच इतकं जवळचं वाटतं. देणं मिटवायला मुदत कळावी लागते. ज्याला पित्त झालंय तो कशाला आज भावाला बोलावील? बोलावील दिवाळीला.

मग "जरा बाहेर या" कुठलं? ते मला सापडलं इंग्लंडात. 1803 साली मँचेस्टरचा डॉक्टर थॉमस पर्सिव्हल याने वैद्यकीय नीतीवर पुस्तक लिहिलं. डॉक्टरने होऊन वाईट भविष्य सांगत सुटू नये, धोका खरोखर असेल तर रोग्याच्या आप्तांना वेळेवर सूचना द्यावी, आणि रोग्याला स्वतःला द्यायची तर अगदीच गरज पडली तर. 1847 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आपली संहिता केली, तिच्यात हेच आलं. आप्तांना आधी, रोग्याला नाइलाजाने. दार, दाराबाहेरचा मुलगा, आत बसलेली आत्या, तिघांची जागा या नियमात ठरलेली आहे. इकडे 1845 मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज उभं राहिलं. नव्या विद्येबरोबर डॉक्टरची नवी रीतही आली आणि आपल्या एकत्र कुटुंबात ती अशी मुरली की दीडशे वर्षांत आपण तिला आपली परंपरा म्हणू लागलो.

तिकडे मात्र ती टिकली नाही. 1961 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांना विचारलं गेलं, तेव्हा शंभरातल्या नव्वदांचा कल कॅन्सर रोग्याला न सांगण्याकडे होता. 1979 मध्ये तसाच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा 97 टक्के सांगणारे निघाले. अठरा वर्षांत पारडं उलटलं. म्हणजे ही कुठल्याही समाजाच्या रक्तातली गोष्ट नव्हे.

आपल्याकडे 2002 मध्ये डॉक्टरांच्या वर्तनाचे नियम झाले. आजाराचं गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. पुढे मात्र रोगी, त्याचे नातेवाईक 'किंवा' जबाबदार मित्र यांना माहिती असावी, असं येतं. त्या 'किंवा'मधून पर्सिव्हल अजून डोकावतो.

दोन वर्षांनी 'श्वास' हा चित्रपट आला. कोकणातले आजोबा, शहरातलं रुग्णालय, डोळ्याच्या कॅन्सरचं पोर. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार, आणि मुलाला सांगितल्याशिवाय ऑपरेशन करायचं नाही यावर डॉक्टर ठाम. चित्रपटगृहात माझ्या शेजारची बाई हुंदके देत होती. आजोबा पोराला रुग्णालयातून उचलून बाहेर नेतात, शेवटचं जग दाखवायला. खरं सांगितलं गेलं म्हणून तो एक दिवस त्या दोघांना मिळाला.

डॉक्टरांनाही मी समजून घेतो. किती दिवस, हे सांगणं त्यांनाही जमत नाही. 2000 साली शिकागोत 343 डॉक्टरांनी हॉस्पिसमधल्या, म्हणजे अखेरच्या शुश्रूषेतल्या, 468 रोग्यांचे वर्तवलेले दिवस तपासले गेले. जेमतेम पाचातला एक अंदाज बरोबर निघाला, आणि सरासरीने डॉक्टरांनी खऱ्यापेक्षा पाचपट आयुष्य सांगितलं होतं. रोग्याशी ओळख जितकी जुनी, तितका अंदाज चुकत गेला. माया मोजमाप बिघडवते. घरातल्या माणसांचं तर विचारायलाच नको.

मरणाऱ्याशी खरं बोलण्याची दुसरी वाट ज्यांनी काढली त्यांची सुरुवातही एका खाटेजवळच झाली. 1948 मध्ये लंडनच्या रुग्णालयात डेव्हिड तास्मा नावाचा वॉर्साहून आलेला, गणगोत नसलेला ज्यू वेटर कॅन्सरने जात होता. सिसिली साँडर्स त्याच्याशी बोलत बसायची. त्याने जाताना तिला 500 पौंड ठेवले, तू बांधशील त्या घरात माझी एक खिडकी असू दे म्हणून. ती पुढे डॉक्टर झाली आणि 1967 मध्ये तिने सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. दुखणं एकट्या शरीराचं नसतं. मनाचं, नात्यांचं आणि आत्म्याचं मिळून ते एकच दुखणं असतं, हे तिचं सांगणं. मुंबईत वांद्र्याला 1986 मध्ये डॉ. एल. जे. डिसोझांनी शांती आवेदना उभं केलं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस. पुण्यात वारज्याला 1997 पासून सिप्लाचं केंद्र आहे, तिथे उपचारांचे पैसे घेत नाहीत. मॉर्फिन मात्र 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात असं अडकलं की कित्येक वर्षं दुखण्याने तळमळणाऱ्यांपर्यंत ते पोहोचेना. 2014 च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी झाली. वेदना आवरल्याशिवाय सत्य सांगणं मला क्रूर वाटतं. सारिपुत्ताने आधी वेदनाच विचारली होती.

आणि ज्याला ऐकायचंच नाही, त्याच्यावर सत्य लादू नये. तोही त्याचा हक्क. पण ऐकायचं आहे की नाही, हे त्याच्याकडून कळायला हवं.

आत्यानंतर चार वर्षांनी घोडेगावजवळ माझ्या थोरल्या मामांना अन्ननलिकेचा कॅन्सर झाला. मुलांनी अल्सर सांगितला होता. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं; पाहुणे शहाळी घेऊन यायचे, "पंधरा दिवसांत हिंडाफिरायला लागाल" म्हणायचे, मामा मान हलवायचे. घरी तपासायला एक नर्स यायची, तरुण पोर. तिने एके दिवशी पट्टी बदलली, ओसरीवर त्यांच्या खाटेशेजारी पोत्यावर बसली आणि विचारलं, "मामा, तुम्हाला काय वाटतं, काय झालंय तुम्हाला?"

मामा थोडा वेळ कांद्याच्या बराखीकडे बघत राहिले. मग मुलांना म्हणाले, "तुम्ही जरा भाईर जा रं."

मुलं अंगणात गेली. मी उठू लागलो तर म्हणाले, "तू बस." मग तिला म्हणाले, "अल्सरला कोन मुंबैला धाडतं का? मला पयल्या दिशीच कळलंय. पोरं घाबरत्याल म्हनून गप होतो." तिने त्यांचा हात धरला. "आणखी काही विचारायचंय?"

"कांदा निघंस्तवर हाये का मी?"

"नक्की कोणालाच सांगता यायचं नाही मामा. पण महिन्यांचा हिशेब धरू नका. आठवड्यांचा धरा."

ते "बरं केलं सांगितलंस" म्हणाले आणि पाणी मागितलं. दोन घोट कसेबसे गेले. मग मला म्हणाले, "धाकट्याला बोलाव."

धाकटे मामा शंभर पावलांवर राहायचे. सामाईक विहिरीच्या पाळीवरून अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते, एका लग्नात शेजारच्या पंगतीला बसूनसुद्धा. मी जाऊन एवढंच म्हणालो की बोलावलंय. ते टोपी न घालताच आले, खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. थोरल्यांनी बसायची खूण केली. बराच वेळ दोघांपैकी कोणी बोललं नाही. मग धाकटे म्हणाले, "गुरुवारी मोटर जळली विहिरीची."

"नवी किती?"

"तीस तरी."

"निम्मे माझे. आन् सोमवार-मंगळवारची पाळी माझी हुती ती... पोरींच्या नावानं ऱ्हाऊ दे. दोघींच्या. लिहून घे."

धाकटे मामा उठले, आत गेले आणि नातवाची शाळेची वही घेऊन परत आले.